रोह्याचा पाचवा माणूस

रामवाडी, पेण
बुधवार, दि. २० ऑक्टोबर १९९९
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

प्रिय एलियास यास,

जनूचा नमस्कार. दुकानाचं शटर अर्धं वर करून बसलो आहे. आत्तापर्यंत तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका पात्याने कापत होतो. एक पत्रिका तिरकी गेली, वराच्या मामाचं नाव अर्धं कापलं गेलं, तेव्हा पातं खाली ठेवलं आणि हे पत्र घेतलं. कालच्या दसऱ्याचा झेंडूचा हार अजून मॉनिटरवरच आहे. काळुरामशेठ नऊला येतात. तोपर्यंत मला लिहून पुरं करायचं आहे, कारण उद्यावर ढकललं तर मी ते पोस्टात टाकणार नाही, हे मला माहीत आहे.

गावी, गडबला, सगळी बरी आहेत. भात कापणीला आलं आहे. आई विचारते, एलियासला तिकडे तांदळाची भाकरी मिळते का. शीरावहिनींना नमस्कार. नोआ आता शाळेत जात असेल. तुम्ही देश सोडून गेलात तेव्हा ती माझ्या पेनाचं टोपण चघळत होती, ते टोपण अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं ई-मेलने का कळवलं नाही, असं तू म्हणशील. ई-मेलमध्ये मराठी अजून जात नाही, आणि माझ्या इंग्रजीत हे बसणार नाही. शिवाय आपल्या प्रकल्पाच्या ई-मेल टपालयादीवर एकाने लिहिलं की ते सगळ्या देशांतले सगळे वाचतात. तू लिहिलेलं मी तसंच वाचलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुला पुष्कळसं माहीत आहे, तरी मी क्रमाने लिहितो. क्रम सुटला की मला घाबरायला होतं.

दोन वर्षांपूर्वी तूच कळवलंस की जगभरचे लोक पगार न घेता मिळून एक लेखनाचा प्रोग्राम बनवत आहेत, तो कुणालाही फुकट मिळणार आहे, आणि आता प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपापला गट करून तो आपल्या भाषेत आणायचा आहे. ‘मराठीचा गट तू बांध,’ असं लिहिलं होतंस. मी अकरावी अर्धी सोडलेला माणूस. मुंबईत, पुण्यात इंजिनियर असताना तू माझं नाव पुढे केलंस, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

गट बांधण्याची मला एकच रीत माहीत होती. गणेशोत्सवाची पत्रकं तू आणि मी याच टेबलावर छपाईसाठी किती लावली आहेत, आठव. अध्यक्ष, उपाध्यक्ष, आश्रयदाते, सल्लागार, लहान कार्यकर्ते. जो मुंबईला राहतो आणि विसर्जनालाही येत नाही त्याचंसुद्धा नाव असतं. कुणाला विचारायला कुणी जात नाही. नाव छापणं हा मान असतो, आणि गाळलं तर वर्षभर तो माणूस तोंड फिरवतो. मी मराठी गटाची यादी तशीच केली. अकरा नावं. काळुरामशेठ आश्रयदाते, कारण यंत्र त्यांचं. आमच्या गावचे सरपंच. हेडमास्तर. मुंबईचा चुलतभाऊ. पुतण्या अक्षय, वय वर्षे सात, लहान कार्यकर्ता. आणि काशीबाई आत्या, जिच्या पडवीत आम्ही पहिल्यांदा कागद पसरून बसलो. ती त्याच वर्षी वारली. पत्रकात आपण अशा नावामागे ‘कै.’ घालतो. इंग्रजीत ते कुठे घालतात ते मला कळलं नाही, म्हणून घातलं नाही.

मला खरंच वाटलं की मी सगळ्यांचा मान ठेवला.

सगळ्या भाषागटांचा कारभार बघणाऱ्या नॉर्वेच्या इंग्रिडबाईंनी अकरा जणांना वेगवेगळं स्वागताचं पत्र पाठवलं. काशीबाईलासुद्धा. ‘तुम्हाला कोणतं काम आवडेल?’ असं विचारलं होतं. दुकानात ई-मेलचा पत्ता एकच. मी चिटणीस. चिटणीस सगळ्यांच्या वतीने लिहितो, म्हणून मी एका बैठकीत अकरा उत्तरं पाठवली. काशीबाईच्या वतीने लिहिलं की मिळेल ते काम आवडेल.

आता हसू नकोस. किंवा हस. मला अजून हसू आलेलं नाही.

डिसेंबरात नवी आवृत्ती निघायची आहे, म्हणून बाईंनी सगळ्या गटांची झडती घेतली. अकरा माणसं, एक पत्ता, उत्तरं पाठोपाठची. त्यांना वाटलं की पेणमध्ये एकच माणूस अकरा तोंडांनी बोलतो आहे. गटाला निदान पाच काम करणारी माणसं लागतात, नाहीतर गट बंद आणि ती भाषा आवृत्तीतून बाहेर. त्यांनी टपालयादीवर तुला विचारलं, कारण मराठी तू आणलीस. तू उत्तर दिलंस.

तुझं उत्तर मी छापून घेतलं. शब्दकोश घेऊन वाचलं, म्हणजे माझी चूक व्हायला नको. तू लिहिलंस: ‘यादीतल्या एका माणसाबद्दल मी खात्रीने सांगू शकतो, ते माझे वडील आहेत. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. म्हणून हे नाव खोटं आहे, आणि बाकीच्या नावांची हमी मी देऊ शकत नाही.’

एलियास, तू खोटं बोलला नाहीस. तुला विचारलं, तू माहीत होतं ते सांगितलंस. मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं, फक्त मला झोप आली नसती. तुला आली का, ते मी विचारत नाही.

आता खरी माणसं सांगतो. विमलबाई, इथे दुकानाशेजारी शिवणकाम करतात. सातवी शिकल्या. मी वाचतो ते शिलाई मशीनचा पाय मारता मारता ऐकतात आणि शब्द सांगतात. केलेलं परत फिरवायचं असतं त्या बटणाला आम्ही ‘पूर्ववत करा’ लिहिलं होतं, तर त्या म्हणाल्या, “अरे, शिवन चुकली तर आपन काय करतो? उसवतो. लिव उसवा.” ते ‘उसवा’ तू पाहिलं आहेस, तुला आवडलं होतं. दुसरा रोह्याजवळच्या वरश्याचा गोविंदा, कंपनीत शिफ्टला असतो. त्याची बायको अनिता, बालवाडी चालवते. चौथा मी.

झाले चार.

पाचव्याबद्दल लिहायचं मी इतका वेळ टाळतो आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या कुठल्याच पत्रात त्यांचं नाव नसतं. तीन वर्षांत तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही कधी कळवलं नाही. मी तुला लिहायचो की रविवारी कामासाठी रोह्याला जातो. काम कुठे बसून करतो, ते लिहायचो नाही.

तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत आईने फराळाचा डबा देऊन मला रोह्याला मायकलकाकांकडे पाठवलं. पिशवीत प्रोग्रामच्या वाक्यांचे छापलेले कागद होते. काकांनी डबा घेतला आणि कागदांकडे बघून म्हणाले, “हे काय?” मी सांगितलं. म्हणाले, “एलियास करतो ते हेच?” मी म्हटलं, हेच, तो तिकडून यंत्राची बाजू बघतो, आम्ही इकडून शब्दांची. “ठेवून जा.” पुढच्या रविवारी गेलो तर सगळ्या कागदांवर लाल पेन्सिल फिरलेली. कंपनीत तीस वर्षं टाइमकीपर होते, त्यांचं इंग्रजी माझ्यासारखं शब्दकोशाच्या काठीवर चालत नाही. तेव्हापासून गटाचा तिसरा हिस्सा मजकूर त्यांच्या हातचा आहे. ते पाठकोऱ्या कागदांवर लिहितात, मी इथे येऊन यंत्रात भरतो. म्हणजे तू म्हणालास ते बरोबरच आहे, त्यांनी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, “एलियासला बोलू नको. म्हणेल, बाप संगं आला नाय तो नाय, आता मशिनीतून पाठी लागला.” मी शब्द दिला. यादीत नाव घालताना मात्र माझा हात गेला. इतकं काम करणाऱ्या माणसाचं नाव गाळायचं, हे मला जमलं नाही. तू यादी कशाला वाचशील, असंही वाटलं. तू दीड वर्ष वाचली नाहीसच.

परवाच्या रविवारी आम्ही पाचही जण काकांच्या ओटीवर बसलो होतो. तुझं उत्तर माझ्या खिशात होतं. मी बाकी तिघांना बाहेर वाचून दाखवलं होतं, काकांना दाखवायचं धाडस होत नव्हतं. गोविंदा रात्रपाळी करून आलेला, तो तापलाच होता.

“साहेब झाला एलियास. आम्ही इथं रविवार घालवतो आन हा तिकडनं लिहितो, हमी देत नाय.”

“गोविंदा, हळू,” मी म्हटलं.

विमलबाई अनिताला म्हणाल्या, “अगो अनिता, चहात साखर नको टाकू. आपन खोटी मानसं, आपल्याला खोटा चहा पुरे.”

अनिता हसली आणि लगेच गप्प झाली, कारण काकांनी माझ्याकडे हात पुढे केला होता. “आण इकडं. खिशात काय हाय ते मला ठाव हाय. आल्यापासनं तिथंच हात ठेवून बसलायस.”

मी कागद दिला. त्यावर इंग्रिडबाईंचा प्रश्न आणि अकराही नावं होती. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, भिंग धरून वाचतात. खूप वेळ लागला.  मग त्यांनी भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं.

“खोटं काय लिवलंय? मी त्याचा बाप, खरं. अडुसष्ट वर्षं, खरं. हात लावला नाय, खरं. तिन्ही खरी हायत. ‘म्हणून नाव खोटं’ हे तेवढं त्याचं गणित. ते चुकलं.”

“मग सांगा की तसं त्याला,” गोविंदा म्हणाला.

“सांगू. आधी ह्याला सांगतो.” आणि माझ्याकडे वळले. “ती सहा नावं कशाला घातलीस रे?”

मी मंडळाची रीत सांगितली. मान, पत्रक, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “आमच्या यहुदी लोकांच्या मशिदीत पुरी प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात. रोह्यात आता आम्ही चार. भिंतीवर संगमरवरावर जुन्या लोकांची नावं हायत, माझ्या बापाचंबी हाय. ती धरून दहा केले असते तर आमची मशीद रोज भरली असती. नाव बसत नाय रे जनू. माणूस बसतो. चार तर चार. आम्ही चारजण होईल तेवढं म्हणतो आन दार लावतो.”

 विमलबाईंनी पदर नीट केला. मला जमिनीकडे बघवत नव्हतं आणि काकांकडेही.

“काढ ती सहा,” ते म्हणाले. “काशीबाईला आधी काढ. तिला आता तरी काम नको लावू.”

तेव्हा मात्र विमलबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सोमवारी मी इंग्रिडबाईंना सगळं खरं लिहिलं. सहा नावं कुणाची, का घातली, उत्तरं मीच पाठवली. इंग्रजी मोडकं होतं, पण स्पेलिंगं तपासली. त्यांचं उत्तर काल आलं. रागावलेल्या वाटल्या नाहीत, पण नियम सोडलेला नाही. पाच माणसं लागतातच. आणि प्रकल्पातल्या जुन्या सभासदाने त्या पाचांशी स्वतः बोललं पाहिजे: नाव विचारायचं, काम काय करता ते विचारायचं, स्वतः केलेला एक शब्द सांगायला लावायचा. मग त्याने टपालयादीवर लिहायचं की ही माणसं आहेत. मुदत तीस नोव्हेंबर. मराठी येणारा जुना सभासद जगात एकच आहे, आणि तो तू.

आम्हा चौघांशी तू बोलशील. पाचव्याशी बोलला नाहीस तर आम्ही चार उरतो, आणि मराठी जाते. हे मी तुला धमकी म्हणून लिहीत नाही. मला धमकी देता येत नाही, तू बघितलं आहेस.

काल ते उत्तर आल्यावर मी तसाच रोह्याला जाऊन सगळ्यांना सांगितलं. निघताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, “मी बोलू नको म्हणालो होतो. आता बोल. पन माझ्यासाठी नाय. पाचासाठी.” मी विचारलं, तुम्ही फोनवर याल? “येईन. तो नाव विचारील, नाव सांगीन. काम विचारील, काम सांगीन. दुसरं काय विचारलं तर बघू.”

आता एक राहिलं. प्रोग्राम बंद करायच्या बटणाबद्दल तू जानेवारीत लिहिलं होतंस, ‘हे काय पोरकट लिहिलं आहे, बदला.’ मी बदललं नाही आणि तुला कारणही कळवलं नाही. ते काकांचं आहे. आम्ही ‘बाहेर पडा’ लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. म्हणाले, घरातून निघताना कोण असं म्हणतं? आणि लिहिलं ‘येतो’. विमलबाई म्हणाल्या, “आन बाई बसली तर? तिनंबी येतो म्हनायचं?” तेव्हा विचार करून त्यांनी ‘येऊ का?’ लिहिलं. आपल्याकडे मोठ्यांना असंच विचारून निघतात, आणि मोठी माणसं ‘ये’ म्हणतात. गोविंदाने गमतीने विचारलं, मशीनला ‘ये’ कोण म्हणणार?  काका लाल पेन्सिलीला टोक करता करता म्हणाले की एलियास टॅक्सीत बसला तेव्हा सामान मोजत होता, घाईत होता, काही न विचारता गेला. रागाने म्हणाले नाहीत. हवा सांगावी तसं म्हणाले.

त्या दिवशी ते टॅक्सीत का बसले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मशिदीचं दार ते उघडतात, एवढं मी पाहिलं आहे. बाकी तुमच्या दोघांचं आहे.

फोन रविवार, दि. २१ नोव्हेंबर रोजी, आपल्या संध्याकाळी सात वाजता कर. तुमच्याकडे साडेतीन वाजलेले असतील. रविवारी तिकडे कामाचा दिवस असतो हे मला ठाऊक आहे, पण शनिवारी काका फोनला हात लावणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. रोहा स्टँडसमोरच्या बूथचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर दोनदा लिहून घातला आहे, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत. गोविंदाने त्या दिवसाची शिफ्ट बदलून घेतली आहे. आम्ही साडेसहापासून बसलेले असू. हे पत्र पोचलं की टपालयादीवर नको, फक्त मला इंग्रजीत एक शब्द पाठव, ‘मिळालं’ एवढाच. हो किंवा नाही ते लिहू नकोस. नाही असेल तर मला ते आधी कळायला नको. ते माहीत असूनही मी तिघांना तरी सांगू शकेन की बसा, पण पाचव्याला सांगता येणार नाही.

शटर वाजतंय. शेठ आज लवकर आले. म्हणतात, “काय रे जना, परीक्षेचा पेपर लिहितोस काय?”

ज्याच्यासाठी तू चाळीस देशांसमोर शब्द टाकला होतास, तो,
तुझा
जनार्दन

ता. क. हिशोब, मंडळाच्या सवयीने. यातलं काही तुझ्याकडून येणं नाही, फक्त माहितीसाठी.

इंटरनेट, जून ते सप्टेंबर: रु. ४८०. पैकी शेठना देणे अजून रु. २१०.
कागद व शाई: रु. ९५.
रोहा एस.टी.: ज्याची त्याने.
हे पत्र, रजिस्टर विमानडाक: पोस्टात वजन करून कळेल, रु. ६० बाजूला काढले.
बूथ: आलेल्या फोनला मिनिटाला दोन रुपये. एका माणसाची दोन मिनिटं, पाच माणसांची दहा, म्हणून रु. २० आगाऊ दिले.
त्याच बूथवाल्याला मायकलकाकांनी स्वतः जाऊन आणखी रु. ४० दिले. ते कशाचे, हे मी वहीत लिहिलेलं नाही.